रूट एक्स मायनस नव्वद

"थांब तिथेच. आत यायच्या आधी डोमेन बघायचं असतं."

सर हे म्हणाले तेव्हा माझा एक पाय ए बॅचच्या वर्गात होता आणि एक बाहेर. चपला हातात. त्या वर्गात खाली गालिचा होता, चपला बाहेर काढायचा नियम होता. आमच्या सी बॅचच्या खोलीत गालिचा नव्हता. आम्ही चपला घालूनच बसायचो.

अकरावी सायन्स. घणसोलीच्या सेक्टरमधला नावाजलेला क्लास. ए बॅचला सर स्वतः शिकवायचे. आम्हाला जो असेल तो शिकवायचा, कधी एक मॅडम, कधी कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा. त्या दिवशी कुणीच आलं नाही आणि आम्हाला घरी जा म्हणून सांगितलं. निघताना ए बॅचच्या काचेतून मला बोर्ड दिसला. वर लिहिलं होतं, फंक्शन्स. हा चॅप्टर आमच्या पुस्तकात होता. आमच्या खोलीत मात्र सेट्स संपल्यावर थेट लिमिट्स सुरू झालं होतं. मधली पानं कोरी करकरीत. मला वाटलं, मागे बसून ऐकावं. एवढंच वाटलं.

"सर, आमचं लेक्चर कॅन्सल झालं. मागे बसू का? आमच्याकडे हा चॅप्टर झालेला नाही."

"दहावीला किती?"

"एकाहत्तर."

"मीडियम?"

"मराठी."

सर बोर्डाकडे वळले. अक्षर सुंदर होतं त्यांचं, छापल्यासारखं. त्यांनी लिहिलं, f(x) = √(x − 90). मग मुलांकडे बघून म्हणाले, "डोमेन?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नाइन्टी टू इन्फिनिटी, सर."

"मग सेव्हन्टी वन?"

"नॉट डिफाइन्ड, सर."

आणि हसले सगळे. खो खो नाही. एसीच्या खोलीत हसतात तसं, दबकं, मजेत. सरही हसले. मी दारात उभी. माझ्यावर हसतायत एवढं कळलं. नेमकं काय म्हणून हसतायत ते कळलं नाही. डोमेन काय असतं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग मीही हसले.

ते मला आजही सहन होत नाही. ते हसले त्याचं मी काय करू. पण मी हसले. तोंड आपोआप तसं झालं. मोठ्या माणसांत आपल्याला न कळणारं काही बोलणं चालू असलं की आपण हसतो ना, तसं. चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या आणि जिना उतरले.

आमचं मूळ सातारा जिल्ह्यातलं. बाबा मार्केटात माथाडी. राहायला घणसोली गावात भाड्याची खोली, एवढ्या अरुंद गल्लीत की समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली की आम्हाला आमचीच वाटायची. आई सेक्टरमधल्या टॉवरमध्ये पोळीभाजीची कामं करायची. त्यातलं एक घर सरांचं. म्हणूनच मी त्या क्लासला होते. सरांच्या बायकोने, मॅडमनी, शब्द टाकला आणि फी कमी झाली. ॲडमिशनच्या दिवशी सर आईसमोरच मला म्हणाले होते, "तुम्हा लोकांना कॉलेजात सगळं फुकट असतं, म्हणून किंमत नसते. इथे किंमत ठेव."

कुठले लोक, ते त्यांनी सांगितलं नाही. आडनाव मी त्यांच्या फॉर्मवर लिहिलेलंच होतं. आईने मान हलवली. व्हय सर, म्हणाली.

दारातल्या त्या प्रकारानंतर दोन-तीन दिवस गेले असतील. आई कामावरून आली, पाय धुतले, भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी सरांकडे पाहुणे होते. जास्तीच्या पोळ्या करायच्या होत्या, म्हणून उशीर झाला. आई खुशीत होती. मॅडमनी पोळ्या मऊ झाल्या म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"सर लई गमतीचा मानूस हाय," ती म्हणाली. "जेवताना कायतरी सांगत हुते पाव्हन्यास्नी. समदी पोट धरून हसली. मी पोळ्या घिऊन गेले, तर मला बी हसू आलं."

"काय सांगत होते?"

"इंग्लिशमधी. मला काय कळतंय. नव्वद म्हनलं, एकाहत्तर म्हनलं. कुनाच्या तरी वजनाचं असंल."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती सांगतानाही हसत होती.

मी दारात हसले होते, आई तिकडे ताटात पोळी वाढताना हसली होती, आणि दोघींनाही कळलेलं नव्हतं की आपण कशाला हसलो. तेव्हा मी ठरवलं की आधी ते काय आहे ते समजून घ्यायचं. रडायचं नंतर.

सी बॅचमध्ये माझ्याबरोबर नीलेश होता. तळवलीचा, आगरी. त्यांची शेती गेली त्याला जमाना झाला, आता चाळ बांधून खोल्या भाड्याने दिलेल्या. नीलेश आणि मी म्युनिसिपालिटीच्या एकाच शाळेत शिकलेलो. त्याला म्हटलं, फंक्शन्स करायचाय. तो म्हणाला, "सर बोललं ना ऑप्शनला टाका. कशाला उगाच डोक्याला ताप?" तरी आला. आम्ही दुपारी त्यांच्या चाळीच्या गच्चीवर बसलो. टाकीच्या सावलीत.

पुस्तक इंग्रजीत. एक-एक ओळ तीनदा वाचायची. डोमेन म्हणजे आत टाकायला काय काय चालतं. रेंज म्हणजे बाहेर काय काय येऊ शकतं. एवढं कळायलाच अर्धी दुपार गेली. मग आला 'रॅडिकल' हा शब्द. फोनवर अर्थ बघितला तर आलं, जहाल, मूलगामी. काही लागेना. रॅडिकल फंक्शन म्हणजे जहाल फंक्शन? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

नीलेशने पान उलटलं आणि म्हणाला, "अगं, ही तर करनी हाय."

करणी. नववीत शिकलो होतो. वर्गमूळ, घनमूळ, ते चिन्ह. बाईंनी फळ्यावर 'करणी' लिहिलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता, कारण आम्हाला करणी म्हणजे लिंबू-मिरचीवाली करणीच ठाऊक. बाई पण हसल्या होत्या आणि मग म्हणाल्या होत्या, ही करणी उतरवायला मांत्रिक लागत नाही, डोकं लागतं. त्याच बाईंनी शिकवलं होतं की ऋण संख्येचं वर्गमूळ वास्तव संख्यांत नसतं. म्हणजे हे मला येत होतं. माझ्या भाषेत येत होतं. फक्त ते इंग्रजी कपडे घालून समोर आलं आणि मी ओळखलं नाही.

मग भराभर सुटत गेलं. रूट x मायनस तीन. x ला तीन दिलं की आत शून्य, उत्तर शून्य. चार दिलं की एक. सात दिलं की दोन. बारा दिलं की तीन. दोन दिलं की आत वजा एक. नीलेशच्या कॅल्क्युलेटरवर मॅथ एरर. म्हणजे डोमेन, तीन आणि तीनच्या पुढचं सगळं. आणि बाहेर येणारं उत्तर कधीच वजा नाही, म्हणजे रेंज शून्यापासून पुढे.

"पन चारचं वर्गमूल वजा दोन पन असतं ना?" नीलेशने विचारलं.

मी पुस्तकात शोधलं. ते चिन्ह दिलं की धन वर्गमूळच घ्यायचं, असं ठरलेलं आहे. त्याला पटायला वेळ लागला. मग त्याने घनमूळ लावून बघितलं. वजा आठ टाकलं, वजा दोन आलं. एरर नाही.

"ये बघ," तो म्हणाला, "घनमुलाला काय पन चालतं. ह्याचं काय नखरं नाय."

आम्हाला मजा यायला लागली होती. खरं सांगते, त्या दुपारी मला गणिताचं पहिल्यांदा सुख वाटलं. आणि त्या सुखातच मी कॅल्क्युलेटर हातात घेतला, रूट दाबलं, कंसात एकाहत्तर वजा नव्वद टाकलं.

मॅथ एरर.

ही मी. सरांनी बोर्डावर जे लिहिलं ते आत्ता वाचता आलं मला. x म्हणजे आमचे दहावीचे टक्के. नव्वदच्या खालचं मूल आत टाकलं की उत्तरच येत नाही. ते मूल कमी हुशार आहे असं सर नाही म्हणाले. ते नाहीच आहे, असं म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांना माहीत होतं की हिला हा चॅप्टर आपणच शिकवलेला नाही, त्यामुळे हिला हे कळणार नाही. ही हसेल.

मी कॅल्क्युलेटर नीलेशच्या हातात दिला. "तुझे किती होते दहावीला?"

"अडुसष्ट."

"टाक."

त्याने टाकलं नाही. कॅल्क्युलेटर बंद केला.

घरी आले. आईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. दार, बोर्ड, रूट, नव्वद. तिला रूट काय ते सांगायची गरज नव्हती. एवढंच म्हटलं, "आई, ते वजनाचं नव्हतं. ते एकाहत्तर माझे होते. तुझ्यासमोर, तुझ्या पोळ्या खात, ते माझ्यावर हसत होते."

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मग मी कशापायी हसले गं?"

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली. सरांकडेही गेली. महिना भरायचा होता.

पुढच्या आठवड्यात सी बॅचला टेस्टचे पेपर वाटायला सर स्वतः आले. वर्षातून एक-दोनदा यायचे. आल्यावर खोलीत परफ्यूमचा वास पसरायचा. पेपर वाटून झाले, सर म्हणाले, "तुम्ही लोकांनी लिमिट्स पक्कं करा. पासिंगला पुरे."

मी उभी राहिले. बेंच घट्ट धरला होता.

"सर, फंक्शन्स कधी घेणार?"

"ऑप्शनला टाकायला सांगितलंय ना?"

"ए बॅचला शिकवलंत."

"त्यांना पुढे लागतं."

"आम्हाला पुढे नाही का जायचं?"

सरांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही. "बेटा, तुला झेपणार नाही ते."

"मला येतं. त्या दिवशी तुम्ही बोर्डावर लिहिलं होतंत ते."

त्यांनी खडू पुढे केला. त्यांना वाटलं, मी अडखळेन. मी बोर्डापाशी गेले. f(x) = √(x − 90) लिहिलं. माझं अक्षर वाकडं आलं. आत शून्य किंवा त्याहून मोठं पाहिजे, म्हणून x नव्वद किंवा त्याहून जास्त. मराठीतच सांगितलं, सी बॅचकडे तोंड करून. मग म्हटलं, "पण x टक्के असतील तर शंभरच्या वर जाणार नाहीत. म्हणून डोमेन नव्वद ते शंभर. ए बॅचने इन्फिनिटी सांगितलं ते इथे चूक आहे. आणि रेंज शून्य ते रूट दहा."

मला वाटलं होतं, ते चिडतील. किंवा त्यांना लाज वाटेल. मी रात्र-रात्र हाच विचार केला होता की त्यांचा चेहरा कसा पडेल.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"व्हेरी गुड! बघा, याला म्हणतात मेहनत. हिच्यासारखं व्हा." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून ए बॅचमध्ये बस. माझ्याकडून. आईला सांग, सर म्हणाले."

त्या क्षणी मला खरा अपमान कळला. दारातल्यापेक्षा मोठा. मी जे शिकले, गच्चीवर, फोनवर शब्द शोधून, तेही आता यांनीच दिलेलं झालं. एक उचलायची, आत घ्यायची, बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायचं. मी खोलीकडे बघितलं. कुणी घरी लहान भाऊ सांभाळून येणारी, कुणी सकाळी पेपर टाकून येणारा. कुणाच्याही वहीत तो चॅप्टर नव्हता. नीलेश मान खाली घालून बेंचवर नखाने रेघा ओढत होता. वाटलं होतं, तो उभा राहील. नाही राहिला.

आणि हेही सांगते, की मला ए बॅच हवी होती. फार हवी होती. तो गालिचा, तो एसी, ती छापल्यासारखी अक्षरं. एक क्षण जीभ 'थँक्यू सर' म्हणायला निघालीही होती.

"नको सर," मी म्हटलं. "मला आत नको. हा चॅप्टर इथे शिकवा. सगळ्यांना. आणि त्या दिवशी मला दारात जे बोललात, घरी पाहुण्यांसमोर बोललात, ते परत घ्या."

आता त्यांनी हात काढला खांद्यावरून.

"बोलायच्या आधी आईला विचारलंस का?"

अगदी शांतपणे म्हणाले. खोलीतल्या बाकीच्यांना त्यातलं काही कळलं नसेल. मला बरोबर कळलं. आईची ओट्यापाशी वाकलेली पाठ मला दिसली.

"विचारूनच आलेय."

खोटं होतं ते. मी आईला काही विचारलं नव्हतं.

मी दप्तर उचललं आणि बाहेर पडले. मागून कुणी आलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा तिने मला थोबाडीत मारली. पहिल्यांदाच. "माझ्या भाकरीवर पाय दिलास," म्हणाली. "तुला कुनी सांगितली ही शानपट्टी?" रात्री बाबांशीही बोलली नाही. सकाळी नेहमीच्या वेळेला पदर खोचून कामाला गेली, आणि मी दिवसभर खोलीत बसून राहिले. वाटत होतं, जाऊन सरांच्या पाया पडावं. दोनदा चप्पल घातलीही.

दुपारी आई परत आली. पिशवी खाली ठेवली. पाणी प्यायली.

"मॅडमनी इचारलं," ती म्हणाली. "पोरगी येवढी उलटं बोलली, तिला तूच शिकवलंस का, म्हनल्या."

"मग?"

"व्हय म्हनलं. मीच शिकवलं म्हनलं."

आणि तांदूळ निवडायला घेतले. काम गेलं हे तिने सांगितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला ती घरातच होती, त्यावरून मला समजलं. त्या टॉवरमधली आणखी दोन घरं हळूहळू गेली. आई नंतर महापेला एका कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागली. पाण्यात राहून तिच्या बोटांच्या मधली कातडी सोलून निघाली, ती आजही नीट नाही. हे मी त्या रेंजमध्ये धरलं नव्हतं. हे कुणी धरत नाही.

सरांनी काही परत घेतलं नाही. सी बॅचला तो चॅप्टर कधी शिकवला नाही. नीलेश तिथेच राहिला, त्याच्या बापाने वर्षाचे पैसे भरले होते. बारावीत त्याचं गणित राहिलं. आता तळोज्याला केमिकल कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. मध्ये एकदा भेटला तर म्हणाला, "त्या दिवशी मना उठायचा होता गं. पाय नाय उठलं." मी म्हटलं, असू दे. पण मनात असू दे झालेलं नाही. राग त्याच्यावर नाही, ज्यांनी त्याला तसं बसवून ठेवलं त्यांच्यावर आहे.

मी बोर्डात चमकले वगैरे नाही. बारावीत गणितात चोपन्न पडले. बी.एस्सी. रडतखडत केली, एका विषयाला दोनदा बसून. आता घणसोली गावातच, दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेऊन अकरावी-बारावीचं गणित शिकवते. खाली मोबाइल रिपेअरिंग आहे, दिवसभर गाणी चालू असतात. फंक्शन्स मी जूनमध्येच घेते, सगळ्यांच्या आधी. इंग्रजीत लिहिते, मराठीत सांगते, लागलं तर हिंदीत. मुलं चुकतात, इन्फिनिटीला गोल कंसाऐवजी चौकोनी कंस लावतात, पुन्हा सांगते.

गेल्या महिन्यात टॉवरमधले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. सभ्य माणूस. मुलालाही शिकायचं होतं. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं म्हणाले. खोलीभर नजर फिरवली, बसलेल्या पोरांवरून, त्यांच्या चपलांवरून.

"मॅडम, याला सेपरेट घ्याल का? नाहीतर चांगल्या मुलांची एक छोटी बॅच करा, फी डबल घ्या. यांच्यात तो मागे पडेल."

"एकच बॅच असते इथे," मी म्हटलं. "त्या तिसऱ्या बेंचवर जागा आहे."

"जरा प्रॅक्टिकल व्हा हो. पुढे जायचंय तुम्हाला."

मुलगा त्या बेंचकडे बघत होता. वडिलांनी त्याचा दंड धरला आणि घेऊन गेले. खोलीच्या मालकाने भाडं वाढवून मागितलंय, ती डबल फी मला नको होती असं नाही.

पण नाही करणार. ही खोली गेली तर दुसरी बघेन, ती गेली तर तिसरी. मुलं कमी झाली तर कमी मुलांना शिकवेन. मला कुणाची माफी नको, कुणी टाळ्या वाजवायला नकोत. फक्त मी जिथे खडू हातात धरेन तिथे दोन बॅच होणार नाहीत.